विगतज्वर : काम करावे, ताप सोडावा

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील तिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला युद्ध करण्याची आज्ञा देतात, आणि ती देताना एक लहानसे विशेषण तिला जोडतात : ‘विगतज्वर’. ज्याचा ज्वर गेला आहे असा होऊन युद्ध कर, हा त्याचा सरळ अर्थ. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात ज्वर या शब्दाने संताप आणि शोक घेतला आहे. येथे मराठी वाचकाने जरा सावध असावे. संस्कृतातील संताप म्हणजे आतली होरपळ. आपण मराठीत संताप म्हणजे राग समजतो. म्हणून भाषांतर करणाऱ्याला हा शब्द जसाच्या तसा उचलून चालत नाही.

या श्लोकाचे भाषांतर करताना मी दोन दिवस योग्य शब्द शोधीत होतो, आणि तो आपल्या घरोघरच्या बोलण्यातच होता. अंग तापले म्हणजे आपण म्हणतो ‘ताप आला’. आणि संसारातील कटकटींनी जीव त्रासला म्हणजेही म्हणतो, ‘डोक्याला ताप झाला’. भगवंतांनी अर्जुनाला युद्ध सोड असे सांगितले नाही. ताप सोड असे सांगितले. काम आणि ताप या दोन वस्तू वेगळ्या आहेत, एक ठेवून दुसरी टाकता येते, हेच या श्लोकाचे गृहस्थाला सांगणे आहे. आजचा पाठ एवढ्याच एका गोष्टीचा आहे.

घाटावरील एक गृहस्थ

हे काम मी काशीस बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत एका खोलीत राहून करीत होतो. बालाजी घाट हा पंचगंगा घाटाच्या अगदी शेजारी आहे. तो पेशव्यांनी बांधविला. पहिल्या बाजीरावांच्या काळाशी त्याचा संबंध सांगतात. आसपासच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी घराण्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून गंगेच्या काठी सकाळी मराठी कानावर पडले तर येथे कोणाला नवल वाटत नाही.

कार्तिकातील एका सकाळी पन्नाशीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ पायऱ्यांवर एकटेच बसलेले दिसले. वडिलांच्या अस्थी घेऊन ते सोलापूरकडून आले होते. मी विचारपूस केली तेव्हा थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, आपणांस खरे सांगतो. काल अस्थी गंगेत सोडल्या. हात पाण्यात होते आणि मनात हिशोब चालला होता. घराचा हप्ता पाच तारखेला जायचा आहे. मुलाच्या कॉलेजचे पैसे भरायचे आहेत. धाकट्या भावाचे वाटणीवरून बोलणे बंद आहे. आई आता एकटी, तिला कोणी ठेवायचे हे ठरलेले नाही. इतक्यात खिशातला फोन वाजला आणि मी ओल्या हाताने तो घेतला. बापाला निरोप देण्यापुरतेही मन रिकामे झाले नाही, याची लाज वाटते. सगळे सोडून येथेच कोठेतरी पडून राहावे असे वाटते.”

मी त्यांना तत्काळ दुसऱ्या अध्यायातील आत्म्याच्या अमरत्वाचे श्लोक ऐकविले. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले, नमस्कार केला आणि ते उठून गेले. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यांनी मृत्यूविषयी काही विचारलेच नव्हते. त्यांना ताप झाला होता आणि मी त्यांना वेदान्त सांगितला. माझ्या मनात त्या वेळी हस्तलिखित द्यावयाची तारीख घोळत होती, त्यामुळे ऐकण्यापुरते माझेही मन रिकामे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांना शोधून काढले. मग जे बोलणे झाले त्याचा सारांश पुढे व्यवस्थित मांडतो.

ताप आला याची लाज नको

पहिली गोष्ट ही की गीतेचा आरंभच एका कर्त्या पुरुषाच्या तापापासून झाला आहे. पहिल्या अध्यायाच्या २८ ते ३० या श्लोकांत अर्जुन आपल्या शरीराची अवस्था सांगतो : गात्रे गळून जात आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग कापत आहे, रोमांच उभे राहिले आहेत, धनुष्य हातातून निसटत आहे, त्वचेचा दाह होत आहे, उभे राहवत नाही आणि मन भोवंडत आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संकटाच्या वेळी शरीरात काय घडते याचे वर्णन आहे, ते याच्याशी पुष्कळ जुळते. भय उत्पन्न झाले की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदय जोराने धडधडते, तोंडातील लाळ आटते, केस ताठ होतात; शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. ही व्यवस्था हितकारक आहे, पण ती घटकाभराच्या संकटासाठी आहे. वाघ समोर आला, आणि गेला, की ती निवावी.

गृहस्थाचा वाघ मात्र जात नाही. १९६७ साली होम्स आणि रॅहे या दोन मनोवैद्यांनी आयुष्यातील ४३ प्रसंगांची एक यादी केली व प्रत्येकाला भाराचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, जवळच्या नातलगाच्या मृत्यूला ६३, आणि लग्नासारख्या आनंदाच्या प्रसंगालाही ५०. पुढे १९८१ साली कॅनर, लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की मनाच्या तक्रारींशी या मोठ्या प्रसंगांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींचाच संबंध अधिक निकटचा असतो. संसारी माणसाला हे सांगावे लागत नाही. मोठ्या दुःखाच्या वेळी चार माणसे धावून येतात. हप्ता, पाणी, शाळेची फी, बसची गर्दी आणि शेजाऱ्याचा टोमणा यांच्यासाठी कोणी येत नाही. शरीर दिवसभर अर्धवट सज्ज राहते, आणि शस्त्र हातात धरूनच माणूस झोपी जातो.

तेव्हा ताप आला म्हणून स्वतःला हीन मानू नये. भगवंतांनी अर्जुनाला उठविले, कठोर शब्दही वापरले. पण त्याला टाकून दिले नाही, आणि अठरा अध्याय त्याच्याशी बोलले.

तापाची तीन मुळे

ज्या श्लोकात विगतज्वर हा शब्द आहे, त्याच श्लोकात तो ज्वर जाण्याचा उपायही आहे. सर्व कर्मे मला अर्पण कर, आशारहित हो, ममतारहित हो, असे भगवंत सांगतात. यावरून तापाची मुळे तीन ठरतात : सगळे माझ्यावरच आहे हा कर्तेपणा, फळाची आशा आणि ममता. हातातील काम या तिहींत कोठेच नाही.

पहिले मूळ कर्तेपणाचे. “मी पाहिले नाही तर घर बुडेल,” असे प्रत्येक कर्त्या पुरुषाला आणि त्याहूनही प्रत्येक गृहिणीला वाटते. अठराव्या अध्यायात (श्लोक १३ ते १६) भगवंत प्रत्येक कर्माची पाच कारणे मोजतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. मुलाच्या कॉलेजचेच घ्या. त्याची प्रकृती आणि बुद्धी, त्याचा अभ्यास, शिक्षकांचे शिकविणे, उपलब्ध जागा, परीक्षेच्या दिवशीची परिस्थिती, आणि त्यांत बापाने भरलेले पैसे! पाचांतील एका वाट्याचे काम आपले. ते चोख करावे. पाचही वाटे एकट्याच्या खांद्यावर आहेत असे जो समजतो, त्याला नीट दिसत नाही, असे भगवंत स्पष्ट म्हणतात. ईश्वरार्पण म्हणजे आपला वाटा टाळणे नव्हे. जे वाटे आपले नाहीत ते ज्याचे त्याला परत देणे.

दुसरे मूळ आशेचे. येथे एक भेद नीट समजून घ्यावा. पुढची तजवीज करणे ही आशा नव्हे. ते कर्मच आहे. हप्त्याची रक्कम वेळेवर खात्यात ठेवणे, खर्च कमी करणे, जमत नसेल तर सावकाराशी वा पेढीशी वेळीच बोलणे, ही सर्व कर्तव्ये होत. परंतु रात्री अंथरुणावर पडून ‘चुकला तर काय होईल’ याची उजळणी करीत राहणे, यात कोणतेही कर्म नाही. हप्ता महिन्यातून एकदा द्यावयाचा असतो. आपण तो मनात तीस वेळा देतो. दुसऱ्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकात कर्मावर अधिकार सांगून फळावरचा नाकारला आहे, तो गृहस्थाचे काही हिरावून घेण्यासाठी नव्हे. त्याचे उरलेले एकोणतीस हप्ते माफ करण्यासाठी आहे.

तिसरे मूळ ममतेचे. ममता म्हणजे प्रेम असा अर्थ मराठीत रूढ झाला आहे, म्हणून ‘निर्मम हो’ हे ऐकताच बाया-बापड्यांना धक्का बसतो. गीतेतील ममता म्हणजे ‘हे माझे’ असा हक्क. भावाभावांतील वाटणीत तो स्वच्छ दिसतो. भिंत दोन हात इकडे की तिकडे यावर बोलणे बंद होते, आणि ज्या आईच्या घराची ती भिंत, ती आई कोणाकडे जेवणार हे ठरत नाही. प्रेम आईकडे पाहते, ममता भिंतीकडे पाहते. निर्मम होण्याने प्रेम कमी होत नाही. उलट त्याला जागा मिळते.

ज्यांनी घाट बांधला त्यांचा ताप

पैसा अधिक असता तर ताप नसता, असे पुष्कळांना वाटते. ज्या पेशव्यांच्या घाटावर आम्ही बसलो होतो, त्यांचाच दाखला घ्यावा. पहिले बाजीराव उत्तर हिंदुस्थानपर्यंत दरारा असलेले सेनापती. परंतु धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून कर्जाने गांजलेला गृहस्थ दिसतो. सावकारांच्या पाया पडण्याची पाळी आल्याचे ते स्वामींना कळवितात. १७४० साली नर्मदेकाठी रावेरखेडी येथे ते वारले, तेव्हा त्यांचे वय चाळीसही नव्हते. त्यांचे पुत्र नानासाहेब १७६१ सालच्या पानिपतच्या आघातानंतर पाच-सहा महिन्यांतच पुण्यास पर्वतीवर गेले. नातू माधवराव १७७२ साली थेऊरास क्षयाने वारले. परंतु त्यांनी अंतकाळ जवळ आल्यावर आपल्या इच्छांची यादी करविली आणि तीत कर्ज फेडण्याचे कलम घातले. ओझे मनात ठेवून न जाता कागदावर उतरवून कारभाऱ्यांच्या हाती सोपविले, एवढे तरी आपण त्यांच्यापासून शिकावे.

आणि ममतेविषयी घाटच बोलतो. पेशवाई १८१८ साली संपली. येथील वास्तू पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेली. मालक बदलले, पायऱ्या मात्र स्नान करणाऱ्याला आजही उतरू देतात. ‘माझे’ गेले, केलेले काम राहिले.

दोष बाहेर की मनात?

याच पंचक्रोशीत नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ साली पूर्ण केली. नाथ स्वतः गृहस्थ होते, हे आपण विसरू नये. त्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. धन गेले, नातलगांनी टाकले, लोकांनी छळले. तो विचार करतो : माझ्या दुःखाचे कारण हे लोक आहेत काय? देव? ग्रह? कर्म? काळ? एकेक कारण तपासून शेवटी तो मनापाशी येऊन थांबतो.

याचा कोणी उलटा अर्थ घेऊ नये. कर्ज खरे असते, आजारपण खरे असते, अन्यायही खरा असतो. त्यांचा प्रतिकार करावा. ‘तुझ्या मनाचाच दोष’ असे दुसऱ्याला सांगण्यासाठी ही कथा नाही. ती स्वतःला विचारण्यासाठी आहे : या दुःखातील परिस्थितीचा भाग किती, आणि मी त्यावर चढविलेले व्याज किती? मुद्दल काळाने फेडावे लागेल. व्याज आज थांबविता येते.

इशाऱ्याची पातळी

घाटावरील भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा दिसतात. वाराणसीस गंगेची पातळी रोज मोजतात. ७०.२६ मीटर ही इशाऱ्याची पातळी, ७१.२६ मीटर ही धोक्याची. १९७८ साली पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. धोक्याच्या आधी बरोबर एक मीटरवर इशारा ठेवलेला आहे, कारण पाणी घरात शिरल्यावर मिळालेल्या सूचनेचा उपयोग नसतो.

दुसऱ्या अध्यायाच्या ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी मनाची अशीच मोजपट्टी दिली आहे. विषयाचे सतत चिंतन, त्यातून संग, संगातून काम, त्यातून क्रोध, मग संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. अशा या आठ पायऱ्या आहेत. क्रोधाच्या पायरीवर आल्यावर थांबणे कठीण. चिंतनाच्या पायरीवर थांबणे सोपे. मुलाने साधा प्रश्न विचारला आणि आपण खेकसलो, जेवताना काय खाल्ले ते आठवेना, एकच विचार चौथ्यांदा मनात आला, म्हणजे पाणी इशाऱ्याला लागले असे जाणावे. स्मृतिभ्रंश म्हणजे ‘मी कोण, माझे आजचे कर्तव्य काय’ याचा विसर. गीतेच्या शेवटी (१८.७३) अर्जुन जे परत मिळाल्याचे सांगतो ती हीच स्मृती होय.

रोजचा अभ्यास

त्या गृहस्थांशी बोलून आम्ही जो अभ्यास ठरविला तो असा. सायंकाळी दिवा लावल्यावर एक कागद घ्यावा व मध्ये रेघ ओढावी. डावीकडे ‘करावयाचे’, उजवीकडे ‘नुसते वाहावयाचे’. मनातील प्रत्येक चिंता लिहावी. तिच्यापोटी उद्या हातून काही होण्यासारखे असेल तर ते डावीकडे, वेळेसह लिहावे. काहीच होण्यासारखे नसेल तर ती उजवीकडे जाते. ती देवापुढे ठेवावी आणि दिवा शांत होईपर्यंत तिच्याकडे वळू नये. मन वळेल, तेव्हा सहाव्या अध्यायात (श्लोक २५, २६) सांगितल्याप्रमाणे रागे न भरता, हळूहळू परत आणावे.

त्याच अध्यायातील १६ व १७ या श्लोकांत आहार, विहार, झोप आणि जागरण यांचे प्रमाण सांगितले आहे, तेही पाळावे. फार जागणाऱ्याला योग साधत नाही, हे वचन अंथरुणात फोन घेऊन पडणाऱ्याने विशेष ध्यानात धरावे.

एका दिवसात फळ दिसणार नाही. मन आवरणे कठीण आहे हे भगवंतही मान्य करतात, आणि अभ्यास व वैराग्य हे दोनच मार्ग सांगतात (६.३५). अभ्यास कसा असतो याचे उदाहरण याच घाटावर आहे. सनईवादक उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) लहानपणापासून येथील बालाजीच्या मंदिरात वर्षानुवर्षे रियाज करीत. २००१ साली भारतरत्न मिळाले ते जगाने पाहिले. रोज त्याच जागी बसून तेच स्वर पुन्हा लावणे हे बालाजीने पाहिले.

एक सूचना मुद्दाम करतो. ज्वर बराच काळ उतरला नाही तर आपण वैद्याकडे जातो. तसेच आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ पारायणावर विसंबू नये, वैद्याला दाखवावे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य बोलता येते. अर्जुनानेही आपले दुःख मनात कोंडून ठेवले नाही. ते बोलून दाखविले, म्हणून गीता झाली.

उपसंहार

त्या गृहस्थांनी घाटावर बसूनच कागद केला. डावीकडे चार ओळी झाल्या, उजवीकडे अकरा. डावीकडची पहिली ओळ होती, ‘भावाला फोन’. त्यांनी तो तेथेच केला. वाटणीचा विषय काढला नाही. “हा महिना आईला तू ने, पुढचा मी नेईन,” एवढेच बोलले. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवून ते पाण्यापाशी गेले, ओंजळ भरून वडिलांना तर्पण केले, आणि मग त्यांना रडू आले. शोकालाही मन रिकामे असावे लागते. ते रडणे ताप उतरताना येणाऱ्या घामासारखे होते.

ते संन्यास न घेता सोलापूरच्या गाडीने परत गेले. त्यांचे हप्ते संपलेले नाहीत, माझे हस्तलिखितही त्या आठवड्यात पुरे झाले नाही. भगवंतांनी अर्जुनाचेही युद्ध टाळले नाही. ताप मात्र टाळता येतो.

मननासाठी : आज माझ्या मनात असलेल्या चिंतांपैकी कोणत्या करावयाच्या आणि कोणत्या नुसत्या वाहावयाच्या आहेत? पाचांतील माझा वाटा कोणता? मी भिंतीकडे पाहत आहे, की माणसाकडे? सुज्ञ वाचकांनी तिसऱ्या अध्यायाचा तिसावा श्लोक या आठवड्यात रोज एकदा म्हणावा आणि हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥